मायच्या तळहातावरचं तेल

नैसर्गिक हा शब्द कानावर पडला की माझं टाळकं सरकतं. साबणाच्या वडीवर नैसर्गिक, केसांच्या तेलावर नैसर्गिक, परवा सुनेनं आणलेल्या बिस्किटांच्या पुड्यावरसुद्धा हिरव्या पानाच्या चित्राखाली तेच छापलेलं. मी पुडा हातात घेऊन बडबडायला लागले तशी ती हसली. म्हणाली, "आई, बिस्किटांशी कसलं भांडताय?" तिला काय सांगायचं? धोतऱ्याचं बी नैसर्गिक असतं. नाग नैसर्गिक असतो. आमच्याकडे पूर्णेकाठच्या गावांतल्या विहिरींचं खारं पाणी काही कोणी कारखान्यात तयार केलेलं नाही, आणि ते पिऊन माणसं झिजली. पण पाटी लावली की लोक डोळे मिटून घेतात. माझी सगळी नोकरी समुद्राच्या तळाचा चिखल तपासण्यात गेली. बुलढाणा जिल्ह्यातली पोरगी, जिनं वीस वर्षांची होईपर्यंत येळगावच्या धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, ती समुद्रात कशी गेली याचं सगळ्यांना नवल वाटतं. मला वाटत नाही. मी तेलाच्या घरची आहे, आणि मी रागानं गेले.

पिंपळगाव राजाला आमचा लाकडी घाणा होता. घराच्या पुढच्या पडवीतच. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो ऐकू यायचा. लाट, म्हणजे घाण्याचा उभा लाकडी दांडा, उखळात फिरायची तो लांबलचक कण्हणारा आवाज, मग बैल वळणावर आला की जुवाचा खटका, मग पुन्हा कण्हणं. झापडं लावलेला आमचा ढवळ्या त्या एवढ्याशा रिंगणात चालून म्हातारा झाला. माझे वडील, बापू, त्याच्या मागे चालत त्याच्याशी बोलायचे. आमच्याशी बोलायचे नाहीत इतकं बैलाशी बोलायचे. घाणा थांबला की घर अचानक बहिरं झाल्यासारखं वाटायचं, आणि आम्ही भावंडं उगाच मोठ्यानं बोलायला लागायचो. घरातल्या प्रत्येक वस्तूला तेलाचा ओशट हात लागलेला. दाराच्या कड्या, पाटी, दप्तर, भिंतीवरचं कॅलेंडर. शाळेत माझ्या वहीची पानं एकमेकांना चिकटायची आणि पोरी नाक मुरडायच्या. त्याचंही मला तेव्हा काही वाटत नसे, कारण दुपारी घरी आलं की ज्वारीच्या भाकरीवर मायनं केलेली जवसाची चटणी असायची आणि तिच्यात बोटानं खळगा करून वर घाण्यावरचं ताजं, अजून कोमट असलेलं तेल ओतलेलं असायचं. करडीचं असलं तर वेगळा वास, तिळाचं असलं तर वेगळा. सोबत कांदा फोडलेला. बाकी काही नसलं तरी चालायचं. आता माझ्या स्वयंपाकघरात पाच प्रकारच्या तेलांच्या बाटल्या आहेत आणि एकीलाही वास नाही.

आमच्या घरची एक रीत होती. घाण्यातून नवं तेल उतरलं की पहिली धार डब्यात पडायची नाही, ती थोरल्या सुनेच्या उजव्या तळहातावर पडायची. थोरली सून म्हणजे माझी माय. ती पदर खोचून उखळापाशी बसायची, हाताची वाटी करायची, बापू वाटीनं तेल घालायचे. माय दुसऱ्या तळव्यानं ते चोळायची, नाकाशी न्यायची, जिभेच्या टोकाला लावायची. मग एक तर म्हणायची, "चाललं," नाही तर म्हणायची, "निवळू द्या अजून." तिनं चाललं म्हटल्याशिवाय गिऱ्हाईक बरणी पुढे करत नसे. पंचक्रोशीत बायका सांगायच्या की तेल घ्यायचं तर तेल्याच्या वहिनीच्या हातावरून उतरलेलं घ्यावं. बीमध्ये थोडी भेसळ असली, तीळ जुना असला, पाणी जास्त शिंपडलं गेलं असलं, तिच्या तळव्याला कळायचं. कसं कळतं विचारलं की ती म्हणायची, "तेल बोलते व. तुह्या हाताले आयकू येत नाई अजून." घरात तिचा शब्द बाकी कशातच चालत नसे. लग्नकार्यात, शेतीत, पोरांच्या शाळेत, कशातही तिला कोणी विचारायचं नाही. त्या तळहातापुरती मात्र ती घरातली धनीण होती. ते तिलाही ठाऊक होतं आणि तो तळहात ती जपायची. भांडी घासताना राखेचा हात डावा.

आता गजाकाका. बापूंचा धाकटा भाऊ. आमच्या घरात हसणारा एकच माणूस होता आणि तो हा. बाजारातून येताना पोरांना गोडीशेव आणायचा, ढवळ्याच्या पाठीवर मला बसवायचा, गावातल्या प्रत्येकाची नक्कल करायचा. मला खामगावच्या कॉलेजात घालायला बापूंना राजी केलं तेही यानंच. "दादा, पोट्टी हुशार हाये, घाण्यापाशी बसवून काय तिचं तेल काढतं का?" असं म्हणाला होता. म्हणून तर राग जास्त येतो. परक्यानं केलं असतं तर एव्हाना विसरले असते. गजाकाकाचा एकच दोष होता. त्याला दुसऱ्याचं वाक्य पुरं ऐकायची सवय नव्हती. अर्ध्यात त्याला जे हवं ते सापडायचं आणि तो उठून चालायला लागायचा. त्या दिवसांत खामगावात तेलाच्या गिरण्या जोरात होत्या, गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं होतं, आणि काका रोज एखादी नवी युक्ती घेऊन घरात यायचा.

कॉलेजात आमच्या भूगोलाच्या बाई फार सुंदर शिकवायच्या. एकदा त्यांनी समुद्राच्या तळाबद्दल सांगितलं. तळाला भेगा असतात आणि काही ठिकाणी त्या भेगांमधून खनिज तेल आपणहून झिरपतं. माणूस नव्हता, जहाजं नव्हती, तेव्हापासून झिरपतंय. थेंब थेंब वर येतं, पाण्यावर पातळ रंगीत तवंग धरतं, त्यातलं हलकं ते उन्हानं उडून जातं, काही बारीक जीव खाऊन टाकतात, आणि उरलेला जड गाळ काळे गोळे होऊन कधी किनाऱ्याला लागतो. मी बाकावर बसल्या बसल्या शहारले. एवढ्या लांबच्या, न पाहिलेल्या समुद्राच्या पोटात आमच्या पडवीतली गोष्ट चालली होती. संध्याकाळची एसटी कधी सुटते आणि मी घरी जाऊन हे कधी सांगते असं झालं.

रात्रीची जेवणं चालली होती. बेसन-भाकर होती. मी म्हटलं, "माय, समुद्राच्या तळातून तेल निघते. आपोआप."

"कोन्या बियाचं?" मायनं विचारलं.

"बियाचं नाई व. रॉकेल, डिझेल ज्याचं होते ते. लय जुने बारीक बारीक जीव मेले, चिखलात दबले, त्याच्यावर अजून चिखल, त्याच्यावर दगड. असं दबून दबून त्याचं तेल झालं."

मायचा घास हातातच राहिला. "म्हंजे दाबलं ना त्याइले. मंग आपोआप कसं म्हंतं? जमिनीनं पिळलं ते." आणि मग, कोणाला नाही तर स्वतःलाच सांगितल्यासारखं, "तितला घाना कोनी थांबवत नसन."

मी नंतर या विषयावर पुष्कळ वाचलं, मोठमोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकली. इतकं नेमकं कोणी बोललं नाही. पण त्या रात्री त्या दोन वाक्यांकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही, कारण गजाकाकानं मान वर केली होती. "आपोआप?" तो म्हणाला. "कोनी न काढता? नैसर्गिक?" मी म्हटलं, "हाव." तेवढ्यावर तो हात धुवायला उठला.

त्यानंतर पावसाळा सरता सरता गावातली माणसं गाडी करून कोकणात देवदर्शनाला गेली, त्यांत काका होता. परत आला तो डालड्याचा एक मोठा डबा मांडीवर धरूनच. तो अंगणात ठेवला आणि आम्हा सगळ्यांना हाका मारल्या. आत काळे, वाळू चिकटलेले, मऊसर गोळे होते. किनाऱ्यावर पडलेले असतात, म्हणाला, चालताना तळपायाला चिकटतात. तिथले लोक शिव्या देत पाय रॉकेलनं पुसत होते आणि आमचे काका वाळूतून ते वेचत होते. "शिलाजीत डोंगरातून निघते, हे समुद्रातून निघालं," तो म्हणाला. "समुद्री शिलाजीत. जवसाच्या तेलात कढवायचं, गुडघ्याले चोळायचं. उभ्या जिल्ह्यात कोनापाशी नाई."

मी एक गोळा नखानं फोडून नाकाशी नेला. रस्त्यावर डांबर टाकताना येतो तोच वास. मी म्हटलं, "काका, हे डांबरासारखं हाये. अंगाले लावू नका कोनाच्या. आन् हे तळातूनच आलं का एखाद्या जहाजानं सांडलं, तेही कोनाले माहीत?"

"काऊन व? तूच त सांगतलं ना, आपोआप निघते म्हून?"

"निघते. पण निघते म्हंजे अंगाले चालते असं नाई."

"तेल्याच्या घरात जन्मून तेलाले भेतं?" तो हसला. बापू हसले. मायही जरा हसली. आमच्या घराचा तो पिढ्यान् पिढ्यांचा समज होता. जे पाण्यावर तरंगतं ते तेल, आणि तेल म्हणजे अंगाचं औषध. बाळाच्या टाळूला तेल, कानात तेल, बेंबीत तेल, भाजलं तरी तेल. दुसऱ्या कुठल्या घरात त्या काळ्या गोळ्यांकडे पाहून लोक मागे सरले असते. आमच्या घरानं ते चुलीवर चढवले.

आमच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच काकानं अंगणात तीन दगडांची चूल मांडली. मोठ्या कढईत जवसाचं तेल आणि त्यात ते गोळे. सगळ्या आळीत असा वास सुटला की शेजारच्या बायका पदर नाकाला लावून बाहेर आल्या. बाजाराला निघालेली माणसं थांबायला लागली. काकाला हेच हवं होतं. त्यानं बाटल्या धुऊन ओळीनं मांडल्या होत्या. कढई उतरवून खाली ठेवली, पळीनं ढवळत तो बोलत होता. समुद्र, लाटा, तळाच्या भेगा, सगळं माझंच, माझ्याच शब्दांत, फक्त त्याच्या हातवाऱ्यांसह. मी दारात उभी होते. कॉलेजची एसटी चुकवली होती, कारण मला घर सोडून जाववत नव्हतं. त्यानं मला पाहिलं आणि हाताला धरून लोकांपुढे आणलं.

"ही माही पुतनी. खामगावले कालेजात शिकून राह्यली. इचारा तिले. सांग इमल, समुद्राच्या तळातून हे आपोआप निघते का नाई?"

"निघते, पण..."

"आयकलं का? निघते म्हंते!"

"काका, पण ते अंगाले..."

"झालं तुह्यं. जाय, चहा ठेव लोकाइले."

आज पन्नास वर्षं होत आली तरी ते मला जसंच्या तसं आठवतं. माझ्या तोंडातला होकार त्यानं सगळ्यांपुढे उचलून धरला आणि पुढचं वाक्य धुळीत पाडलं. मला कोणी खोटी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. माझं खरंच घेतलं, अर्धं घेतलं, आणि उरलेल्या अर्ध्याला चहा ठेवायला पाठवलं. मी गेले नाही. तिथेच उभी राहिले.

लोकांतला एक म्हातारा पाटील, आमचं जुनं गिऱ्हाईक, काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "ते सारं खरं गजाभाऊ. पन वहिनीच्या हातावर आलं का?"

सगळे माना डोलवायला लागले. बरोबरच होतं त्यांचं. आमच्या घरचं तेल, मग रीत तीच. काकानं मायला हाक मारली. माय आतून पदर खोचत आली, आणि मी तिच्या आडवी झाले. म्हटलं, "माय, नको. हे तेल नाई आपलं."

तिनं मला हलकेच बाजूला केलं. "तेल हाये ना बाई ते? माह्या हातावर आलं नाई असं कोनतं तेल हाये?" तिच्या आवाजात थोडी ऐट होती. एवढी माणसं तिच्या हातासाठी थांबली होती. ती कढईपाशी बसली, आत डोकावली. ना धूर, ना बुडबुडा, वरचा थर शांत. आमच्या घरात तेल शांत झालं की कोमट झालं, हेच मोजमाप. तिनं उजव्या हाताची वाटी केली आणि काकानं पळी तळापर्यंत घालून ओतली.

तेल असतं तर ओघळून गेलं असतं. ते ओघळलं नाही. वर जवसाचं तेल शांत झालं होतं पण तळाशी ते काळं वितळून बसलेलं होतं, निवायचं नाव घेत नव्हतं, आणि ते मायच्या तळहाताला धरून बसलं. ती ओरडली नाही. तिनं सवयीनं दुसरा हात चोळायला आणला आणि मग तिच्या तोंडातून एक आवाज आला, घाण्याच्या लाटेसारखा, लांब. मी पाण्याच्या रांजणात तिचा हात घातला. काका धावला आणि फडक्यानं ते पुसायला लागला, आणि ते फडक्याबरोबर निघालं, कातड्यासकट निघालं. मी त्याच्या हातावर मारत होते, सोडा, सोडा म्हणून. काकाच्या वयाच्या माणसावर हात उचलल्याबद्दल नंतर मला ऐकून घ्यावं लागलं. त्या क्षणी लोकांतून कोणी तरी काय म्हणावं? "नैसर्गिक हाये, होईन बरं." आणि त्याच शब्दावर काकानं, खरंच सांगते, भाजल्यावर तेल लावतात म्हणून त्याच कढईतलं वरचं तेल तिच्या त्या हातावर घातलं.

मी तिला खामगावला नेलं. बापू घाणा सोडून यायला तयार नव्हते, उखळात तीळ अर्धा पिळलेला होता. एसटीत माय खिडकीशी हात उभा धरून बसली होती. वाहक तिकीट द्यायला आला आणि त्या हाताकडे पाहून पुढे गेला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बरेच दिवस तो हात हळूहळू साफ केला. वाचला हात. बोटं वाकडी झाली नाहीत, एवढं नशीब. तळव्याची कातडी मात्र चकचकीत, घट्ट, बिनरेषांची झाली.

घरी काय चाललं होतं ते परत आल्यावर कळलं. काका आळीत सांगत होता की पोरीनं शिकून येऊन सांगितलं म्हणून केलं, नाही तर मला काय माहीत समुद्राचं. बापू दारातच म्हणाले, "पुरं झालं तुह्यं कालेज." मी जेवले नाही. भांडले, रडले नाही. अंगणातला तो डालड्याचा डबा उचलून उकिरड्यावर नेऊन पालथा केला आणि तोंड वर करून घरात आले. काका खाली मान घालून बसला होता. मला त्याची कीव यायला हवी होती म्हणतात. मला आली नाही. आजही येत नाही. तो वाईट नव्हता हे मला मान्य आहे. पण त्या हाताला त्याचा काय उपयोग?

मग माय बोलली. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, बापूंकडे पाहत. "पोरगी 'पण' म्हनली होती. दोनदा म्हनली. म्या आयकलं."

बापूंनी विषय पुन्हा काढला नाही, आणि सोमवारी मी एसटीत बसले. लोकांना वाटतं ती माझ्या आयुष्यातली मोठी जीत होती. मी त्या एसटीत दात खाऊन बसले होते. कारण तिनं ऐकलं होतं. ऐकूनही, माझ्याकडे पाहूनही, तिनं हात पुढे केला होता, चार माणसं थांबली आहेत म्हणून. त्या घरात तिला एकाच गोष्टीत विचारत होते आणि तेवढं विचारणं तिला नाकारता आलं नाही. काकावरचा राग सोपा आहे. हा राग कुठे ठेवावा ते मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या हंगामात तीळ आला. पहिली धार उतरली, माय उखळापाशी बसली, बापूंनी वाटी रिती केली. तिनं चोळलं, पुन्हा चोळलं. नाकाशी नेलं. मग डावा हात पुढे केला, त्यावर घेतलं, तरी काही बोलेना. गिऱ्हाइकं थांबली होती. शेवटी ती माझ्याकडे वळली. "इमल, तू घे व हातावर. मले काई आयकू येत नाई." मी हात पाठीमागे घेतले. रागानंच घेतले. त्या घरात कोणाच्याही खात्रीसाठी मी माझा तळहात देणार नव्हते. तिनं गिऱ्हाइकांकडे वळून सांगितलं, "चाललं." न कळता सांगितलं. ते पहिल्यांदाच. घाणा त्यानंतर फार वर्षं चालला नाही.

मी समुद्रावर गेले ते असं. नोकरीत जहाजावर तळाचा चिखल वर यायचा, त्याचा वास घेऊन पुढचं काम ठरायचं, आणि माझे सहकारी चेष्टा करायचे की बाईंना यंत्र लागत नाही. झिरपणाऱ्या भेगा मी पाहिल्या, पडद्यावर, अंधाऱ्या पाण्यात एकेक थेंब सुटून वर जाताना. मायचं म्हणणं खरं होतं. तो घाणा कोणी थांबवत नाही. पण तो सावकाश चालतो, इतका सावकाश की त्या थेंबांवर जगणारे जीव भेगांच्या कडेला घर करून राहिलेत, आणि समुद्र ते पचवत आला आहे. ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर दृश्य आहे. त्याच गोष्टीचा आडोसा करून माणसं काय काय लपवतात, तेही मी नोकरीभर पाहिलं.

गेल्या वर्षी कोकणातल्या एका गावात सुनावणी होती. समुद्रातून जाणारी कुठली तरी पाइपलाइन फुटली होती, किनारा काळा झाला होता. मी निवृत्त, तरी गावानं जाणकार म्हणून बोलावलं. मंडपात पुढे मासे विकणाऱ्या बायका बसल्या होत्या, एकीनं मांडीवर काळं पडलेलं जाळं आणलं होतं. कंपनीचा माणूस छान बोलत होता, हसरा होता. नकाशे दाखवून झाले, मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही स्वतः तज्ज्ञ आहात. समुद्राच्या तळातून तेल नैसर्गिकरीत्याही येतं. येतं की नाही? लोकांना तेवढंच सांगा. हो किंवा नाही."

माझ्या कानात घाणा फिरायला लागला. होय म्हटलं असतं तर खरंच होतं. आणि होय म्हणताच तो लोकांकडे वळणार हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी पिशवीतून काचेची बरणी काढली. सकाळीच किनाऱ्यावर फिरताना तिथल्या काळ्या तेलानं भरली होती. टेबलापाशी गेले, त्याच्यासमोर बरणीचं झाकण काढलं. तो वास मंडपात पसरला आणि जाळंवाली बाई उठून उभी राहिली.

"गार आहे," मी म्हटलं. "भाजणार नाही. हात पुढे करा."

त्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.